सूची कुणाच्या हाती? : गोसीखुर्दचे दफ्तर आणि शोधयंत्राचा इतिहास

१

भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्दचे धरण उभे आहे. या धरणाचा एक इतिहास सर्वांना ठाऊक आहे. १९८२-८३ च्या दरांनुसार त्याचा मूळ अंदाज ३७२.२२ कोटी रुपयांचा होता. एप्रिल १९८८ मध्ये पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते भूमिपूजन झाले. प्रकल्पाला इंदिरासागर हे नाव देण्यात आले. अडीच लाख हेक्टर जमिनीला पाणी मिळेल असे सांगण्यात आले. २००९ साली हा राष्ट्रीय प्रकल्प ठरला आणि पुढे सुधारित अंदाज अठरा हजार कोटींच्या वर गेला. हा झाला सिमेंटचा आणि आकड्यांचा इतिहास. तो अहवालांतून, विधिमंडळाच्या चर्चांतून, वृत्तपत्रांतून सांगितला गेला आहे आणि पुढेही सांगितला जाईल.

याच धरणाचा दुसरा एक इतिहास आहे. तो कागदांचा इतिहास आहे. पवनी, भंडारा, कुही, भिवापूर या तालुक्यांतील माणसे बुडीत क्षेत्रातून उठली, तेव्हा त्यांच्या घराचा, शेताचा, विहिरीचा, झाडाचा कागद झाला. संयुक्त मोजणीचा कागद, कलम ४ ची अधिसूचना, कलम ९ ची नोटीस, कलम ११ चा निवाडा, मोबदला घेतल्याची पावती, भूखंडवाटपाचा तक्ता, प्रकल्पग्रस्ताचा दाखला. शेत गेले आणि त्याच्या जागी कागद आला. ज्याच्या हाती कागद आहे तो प्रकल्पग्रस्त. ज्याला आपला कागद सापडला नाही तो नुसताच ग्रस्त.

प्रस्तुत लेखात धरणाच्या खर्चाची चर्चा करावयाची नाही. ती करणारे अनेक आहेत. येथे प्रश्न वेगळा आहे. कागद असणे आणि कागद सापडणे यांत जे अंतर आहे, ते कोणी निर्माण केले? ते अंतर मिटवणारे यंत्र आज जगात उपलब्ध आहे काय? असल्यास ते आपल्या हाती का नाही?

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. त्यात रोकड पैसा आहे. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने कलम २८-अ घालण्यात आले. त्याचा आशय असा. एकाच अधिसूचनेखाली अनेकांच्या जमिनी गेल्या. त्यांपैकी एकाने न्यायालयात दाद मागितली आणि त्याला वाढीव दर मिळाला. बाकीचे गरीब, अडाणी, वकील न परवडणारे म्हणून गप्प राहिले. अशांनाही त्याच वाढीव दराने मोबदला मागता यावा. तरतूद चांगली आहे. दुर्बलांसाठीच ती आणली गेली. पण तिला मुदत आहे: न्यायालयाच्या निवाड्याच्या तारखेपासून तीन महिने. निवाड्याची प्रत मिळवण्यास लागलेले दिवस तेवढे वगळले जातात. आपल्याला हा निवाडा ठाऊकच नव्हता, असे म्हणण्याची सोय नाही. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने तोताराम यांच्या प्रकरणात स्पष्ट केले की मुदत निवाड्याच्या तारखेपासून मोजावयाची, तो समजल्याच्या तारखेपासून नव्हे.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. शेजारच्या शेताचा निकाल जिल्हा न्यायालयात लागला. निकाल जाहीर आहे, गुप्त नाही. पण पुनर्वसित गावठाणात मजुरी करून पोट भरणाऱ्या माणसाला तो तीन महिन्यांत सापडला पाहिजे. सापडला तर हक्क आहे, न सापडला तर हक्क संपला. हक्काचे मरण आणि जगणे येथे शोधावर टांगलेले आहे. २०१३ साली नवा कायदा आला, १ जानेवारी २०१४ पासून जुना गेला. परंतु कलम ७३ च्या रूपाने ही तरतूद आणि तिची तीन महिन्यांची मुदत नव्या कायद्यातही तशीच आहे.

२

ज्ञानबंदी म्हटली की आपल्याला ग्रंथ आठवतो. अमक्याने तो ऐकू नये, तमक्याने तो उच्चारू नये, अशी बंदी आठवते. पण ज्ञानबंदीचे दुसरे एक साधन आहे, त्याकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही. ते साधन म्हणजे सूची. पुस्तक बंद करण्याची गरज नाही. पुस्तकात काय कोठे आहे हे सांगणारी किल्ली आपल्या कमरेला लावली म्हणजे झाले.

या देशात सूचीची कला अतिशय जुनी आहे. वेदांच्या अनुक्रमण्या प्रसिद्ध आहेत. कात्यायनाच्या सर्वानुक्रमणीत ऋग्वेदातील सूक्ताचे पहिले शब्द, ऋचांची संख्या, ऋषी, देवता आणि छंद यांची क्रमवार नोंद आहे. एवढी काटेकोर सूची करणारी बुद्धी या समाजात होती, ही गोष्ट मान्यच केली पाहिजे. पण ती सूची कोणासाठी होती? ज्यांना मूळ ग्रंथाचा अधिकार होता त्यांच्यासाठीच. युरोपात तेराव्या शतकात पॅरिसच्या मठात बायबलमधील शब्दांची सूची झाली, तीही धर्मोपदेशकांसाठी. सूची ही नेहमी ग्रंथाच्या मालकाची राहिली आहे.

गावपातळीवर हीच गोष्ट बस्त्यात बांधलेली होती. भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रांतात, पुढे मध्य प्रदेशात होता. तेथे मालगुजारीची पद्धत होती. १९५० चा कायदा होऊन १९५१ साली ती गेली. मालगुजार गेले तरी पटवाऱ्याचा बस्ता राहिला. कोणाचा कोणता खसरा, कोणाचा निस्तार, कोणत्या तलावावर कोणाचा हक्क, हे सारे लिहिलेले असे. पण कोणत्या वर्षाच्या कोणत्या नोंदवहीत ते आहे हे पटवाऱ्याच्या डोक्यात असे. बस्ता सरकारी आणि सूची खाजगी, असा हा कारभार. ‘कागद सापडत नाही, पुढच्या आठवड्यात या’ या एका वाक्यावर पिढ्या झिजल्या. हे वाक्य उच्चारणाऱ्याला कायदा मोडावा लागत नाही. तो नकार देत नाही, फक्त शोधत नाही.

याच व्यवस्थेत कोतवाल होता. मध्य प्रांतातील पुष्कळ गावांत हे काम महारांकडे असे. गावातील जन्ममृत्यूची खबर पोलीस ठाण्यात नेऊन देणे हे त्याचे एक काम. लिहिणारा दुसराच, पण खबर नेणारे पाय महाराचे. त्या नोंदींतून जी वही तयार झाली तिला आज विदर्भात कोतवाल पंजी म्हणतात. काळाचा विनोद असा की त्याच कोतवालाचा नातू किंवा पणतू आज जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधत फिरतो, तेव्हा त्याला त्या पंजीतील नक्कल लागते. खबर आजाने वाहिली, नोंद दफ्तरात बसली, आणि नातवाला ती सापडत नाही. आपल्या श्रमातून तयार झालेल्या दफ्तरावर आपली सत्ता नाही, याहून स्पष्ट उदाहरण कोणते द्यावे?

२००५ च्या माहिती अधिकार कायद्याने या दुखण्यावर अचूक बोट ठेवले होते. त्या कायद्याचे कलम ४ आपण नेहमी स्वयंप्रेरणेने माहिती प्रसिद्ध करण्यासंबंधी वाचतो. पण त्याच कलमाचे पहिलेच पोटकलम सांगते की प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले सर्व अभिलेख रीतसर वर्गीकृत आणि सूचिबद्ध ठेवले पाहिजेत, तेही माहितीचा अधिकार सुकर होईल अशा रीतीने. म्हणजे सूची हा नागरिकाचा हक्क झाला. आपण माहितीसाठी अर्ज करतो, अपील करतो; सूचीसाठी मात्र क्वचितच आग्रह धरतो. चळवळीने आत्मपरीक्षण करावे अशी ही जागा आहे.

३

आता यंत्राकडे वळू. संगणकाने सूचीचे काय केले?

पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते. ‘तलाव’ या शब्दापुढे पृष्ठ १२, ४०, ९७ असे आकडे असतात. सगळे पुस्तक न वाचता तलाव कोठे आला ते कळते. शोधयंत्राच्या पोटात नेमके हेच असते. त्याला उलटी सूची म्हणतात. कागदात शब्द असतात ही सुलटी बाब. प्रत्येक शब्दासमोर तो असलेल्या कागदांची यादी ठेवणे ही उलटी बाब. लाखो कागदांतील प्रत्येक शब्दाची अशी यादी एकदा करून ठेवली की शोधताना कागद चाळावे लागत नाहीत, यादी तेवढी पाहावी लागते. पटवाऱ्याच्या डोक्यात जे होते ते येथे यंत्राच्या स्मृतीत आले, एवढाच फरक. पण हा फरक मोठा आहे, कारण यंत्राची स्मृती नकलून घेता येते.

सापडलेल्या कागदांपैकी कोणता आधी दाखवावा, हा पुढचा प्रश्न. १९६० च्या दशकात अमेरिकेत जेरार्ड सॉल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर पद्धतशीर काम केले. १९७२ साली इंग्लंडमध्ये कॅरन स्पार्क जोन्स या विदुषीने एक साधी पण मूलगामी गोष्ट मांडली: जो शब्द सगळ्याच कागदांत येतो त्याला वजन कमी द्यावे, जो थोड्या कागदांत येतो त्याला जास्त. ‘शासन’ हा शब्द प्रत्येक सरकारी निर्णयात असतो, म्हणून शोधाच्या दृष्टीने तो जवळजवळ निरुपयोगी. पण एखाद्या बुडालेल्या गावाचे नाव चार कागदांत असेल, तर त्या नावाचे वजन भारी. लहान, दुर्लक्षित, क्वचित उच्चारल्या जाणाऱ्या नावाला या गणितात सर्वांत जास्त किंमत आहे. समाजाच्या गणिताच्या अगदी उलट!

परंतु १९९८ साली गूगलच्या संस्थापकांनी दुसरे एक गणित पुढे आणले. ज्या पानाकडे अनेक पाने बोट दाखवतात, आणि त्यातही मोठी पाने बोट दाखवतात, ते पान मोठे. सगळे जग धुंडाळताना हे गणित उपयोगी पडले यात शंका नाही. पण ते प्रतिष्ठेचे गणित आहे. प्रतिष्ठिताने ज्याला मान दिला तो प्रतिष्ठित, हा न्याय आपल्या गावात आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिला आहे. कुठल्याशा पुनर्वसन कार्यालयाच्या संकेतस्थळावर पडलेल्या भूखंडवाटपाच्या तक्त्याकडे कोण बोट दाखवणार? तो तक्ता जगाच्या यादीत तळालाच राहणार. यात कोणाचा दुष्टपणा नाही. पण व्यवस्थेला दुष्टपणाची गरज नसते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

म्हणून स्वतःच्या कागदांपुरते, स्वतःच्या निवडक संकेतस्थळांपुरते वेगळे शोधयंत्र उभारण्याची कल्पना महत्त्वाची ठरते. तिचा इतिहास फार जुना नाही. डग कटिंग या अमेरिकन माणसाने गेल्या शतकाच्या अखेरीस ल्युसीन नावाचे सॉफ्टवेअर लिहिले आणि ते सर्वांना खुले केले. २००१ पासून ते अपाचे प्रतिष्ठानाकडे आहे. ल्युसीन म्हणजे उलटी सूची बांधण्याचे आणि तीत शोधण्याचे अवजार. त्यावर २००२ च्या सुमारास नच आले, जे संकेतस्थळांवर फेरी मारून पाने गोळा करते. २००४ साली योनिक सीली यांनी आपल्या कंपनीच्या कामासाठी सोलर तयार केले, ते २००६ साली अपाचेकडे आले. २०१० मध्ये शाय बॅनन यांनी इलास्टिकसर्च प्रसिद्ध केले. बॅनन यांची या विषयातील सुरुवात बायकोच्या पाककृती शोधता याव्यात या घरगुती खटाटोपातून झाली होती. पाककृती सापडावी म्हणून जर माणूस शोधयंत्र बांधतो, तर भूसंपादनाचा निवाडा सापडावा म्हणून का बांधू नये?

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. २००६ साली गूगलने निवडक संकेतस्थळांपुरता शोध बसवून देण्याची सोय सुरू केली. दहा मिनिटांत असे शोधयंत्र तयार होते. पण त्यात सूची गूगलचीच राहते. त्यांनी जे पान सूचीत घेतले नाही ते तुम्हाला सापडणार नाही, आणि त्यांनी सोय बंद केली की तुमचे यंत्रही बंद. ते भाड्याचे घर आहे. ल्युसीनच्या कुळातील सॉफ्टवेअरमध्ये सूची तुमच्या संगणकावर, तुमच्या ताब्यात राहते. पण खुल्या घराचीही कागदपत्रे वाचून घ्यावीत. इलास्टिकसर्चच्या कंपनीने २०२१ साली परवान्याच्या अटी बदलल्या, तेव्हा अॅमेझॉनने जुन्या खुल्या आवृत्तीवरून ओपनसर्च हे वेगळे सॉफ्टवेअर काढले. २०२४ साली त्या कंपनीला पुन्हा एक खुला परवाना जोडावा लागला. फुकट मिळणे आणि मुक्त असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

४

यंत्र आहे, फुकट आहे, खुले आहे. मग मराठीत अडते कोठे?

मराठीला या क्षेत्रातून कोणी मुद्दाम वगळले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००६ च्या सुमारास भारतीय भाषांतील शोधासाठी केंद्र सरकारच्या साहाय्याने अनेक संस्थांचा एक गट स्थापन झाला. मुंबईची आयआयटी त्याच्या अग्रभागी होती. त्यातून ‘संधान’ नावाचे शोधयंत्र २०१२ साली पुढे आले. मराठी ही त्याच्या भाषांपैकी एक होती आणि त्याची बांधणी नचसारख्या खुल्या सॉफ्टवेअरवरच होती. २००८ पासून भारतीय भाषांतील शोधाची कसोटी घेणारी ‘फायर’ ही विद्वत्सभा सुरू झाली. तिच्यासाठी ‘महाराष्ट्र टाइम्स’ आणि ‘सकाळ’ यांतील बातम्यांचा मराठी संग्रह तयार झाला. ही कामगिरी गौरवास्पद आहे.

पण संधानसाठी विषय कोणता निवडला? पर्यटन. प्रवासी कोठे उतरेल, काय पाहील, कसा जाईल. तांत्रिक प्रयोगासाठी हा विषय सोपा असेल, त्याला आमची हरकत नाही. तथापि एक गोष्ट नोंदवून ठेवली पाहिजे. मराठी माणूस काय शोधतो, असा प्रश्न जेव्हा पहिल्यांदा विचारला गेला, तेव्हा उत्तर म्हणून प्रवासी डोळ्यांसमोर आला; आपल्याच गावातून उठवलेला आणि आपला निवाडा शोधणारा माणूस आला नाही. अग्रक्रम हे नेहमी कोणाचे तरी असतात.

आता अडचणींकडे पाहू. पहिली अडचण अक्षरांची. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी राष्ट्रीय मानक ठरले, त्याच वर्षी युनिकोडमध्येही देवनागरी आली. तरी पुढची कित्येक वर्षे कचेऱ्यांतून आणि छापखान्यांतून श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा टंकांत मजकूर लिहिला गेला. डोळ्याला तेथे देवनागरी दिसते. यंत्राच्या पोटात मात्र रोमन अक्षरांचा निरर्थक काला असतो. असा कागद शोधयंत्राला कधीच सापडत नाही. जो कागद केवळ छायाचित्राच्या रूपात आहे, तो आधी यंत्राकडून वाचवून घ्यावा लागतो. २००५ साली खुले झालेले टेसरॅक्ट हे सॉफ्टवेअर छापील मराठी बऱ्यापैकी वाचते, पटवाऱ्याचे हस्ताक्षर नाही.

दुसरी अडचण शब्दांची. मराठीत ‘गाव’ हा एक शब्द नाही. गावात, गावाला, गावांचे, गावाहून, गावकऱ्यांनी अशी त्याची अनेक रूपे होतात. यंत्राला ते सगळे वेगवेगळे शब्द वाटतात. प्रत्यय सोडवणारा भाग सॉफ्टवेअरला जोडावा लागतो. ल्युसीनमध्ये हिंदीसाठी तो २०११ सालीच आला, पण हिंदीचे प्रत्यय सोडवणारा मराठीचे प्रत्यय कसे सोडवणार? शिवाय १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या कागदांत ‘गांव’, ‘नांव’, ‘कांही’ असे अनुस्वार आहेत. आणि सर्वांत बोलकी गोष्ट ही की संगणकात ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द दोन प्रकारे लिहिला जातो. अर्धा र दोन वेगवेगळ्या संकेतांनी उमटवता येतो. डोळ्याला दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत. हे कोणी समजून दुरुस्त केले नाही तर एका पद्धतीने शोधणाऱ्याला दुसऱ्या पद्धतीने लिहिलेला शेतकरी सापडत नाही.

तिसरी अडचण नावांची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. याच प्रकल्पाचे पाहा. कोणी गोसीखुर्द लिहितो, कोणी गोसे खुर्द, कोणी गोसेखुर्द, कोणी नुसते गोसे, आणि सरकारी नाव इंदिरासागर. शिवाय इंदिरासागर नावाचे दुसरे मोठे धरण मध्य प्रदेशात नर्मदेवर आहे. एक नाव टाकले की अर्धे दफ्तर अदृश्य, दुसरे टाकले की भलतेच दफ्तर हजर. हेच माणसांचे. जुन्या नोंदीत जात महार लिहिलेली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली. त्यानंतरच्या कागदांत कोठे बौद्ध, कोठे नवबौद्ध. बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या, तेव्हा कागदांवर पुन्हा नवे शब्द आले. आडनावे बदलली, लग्नानंतर बायकांची नावे बदलली. एकाच कुटुंबाचा इतिहास चार नावांनी चार बस्त्यांत पडला आहे.

यावर शोधयंत्रात उपाय आहे. त्याला समानार्थी शब्दांची यादी देता येते. ‘गोसे खुर्द’ आणि ‘इंदिरासागर, पवनी’ हे एकच समज, असे सांगता येते. पण ही यादी कोण करणार? सॉफ्टवेअर लिहिणारा परदेशातील अभियंता करू शकत नाही, मुंबईचा प्राध्यापकही करू शकत नाही. जुन्या गावाला लोक काय म्हणत, टोलीचे नाव काय होते, कोणत्या शेताला काय म्हणत, कोणत्या आडनावाचे पुढे काय झाले, हे त्या गावातील म्हातारी बाई जाणते. शोधयंत्राचा सर्वांत मोलाचा भाग तिच्या जिभेवर आहे. सॉफ्टवेअर विकत किंवा फुकट आणता येते. ही यादी आपल्यालाच करावी लागेल.

५

यंत्राच्या मर्यादाही निर्भयपणे सांगितल्या पाहिजेत. नव्या साधनाची भाबडी आरती करणे हे चळवळीचे काम नव्हे.

शोधयंत्र लिहिलेले शोधते. जे लिहिलेच नाही ते ते कोठून आणणार? बुडीत क्षेत्रातील भूमिहीन मजूर, वैनगंगेत मासेमारी करणारा ढिवर, दुसऱ्याच्या आवारात झोपडी टाकून राहणारे कुटुंब, यांच्या नावे सातबारा नव्हता. जमिनीचा मोबदला जमीनवाल्याला मिळतो. ज्याची मजुरीच बुडाली त्याची नोंद दफ्तरात क्वचित सापडते. अशा माणसाचे नाव यंत्रात टाकले की ‘काही आढळले नाही’ असे उत्तर येते. हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या खरे आणि सामाजिकदृष्ट्या खोटे आहे. यंत्राने नाही म्हटले म्हणून माणूस नव्हता, असा निष्कर्ष काढण्याची घाई अधिकारी करतील. त्या घाईविरुद्ध आपण आधीच उभे राहिले पाहिजे. जे सापडत नाही तेही पुरावाच असते: दफ्तर कोणासाठी लिहिले गेले याचा पुरावा.

याच पवनीत १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केले. जगन्नाथ टेकडीखाली प्राचीन बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या दगडी कठड्यावर ब्राह्मी अक्षरांत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. दोन हजार वर्षांनंतर ती माणसे आपल्याला सापडतात, कारण त्यांचे नाव दगडावर गेले. त्या स्तूपासाठी माती वाहणारे, दगड ओढणारे हात मात्र सापडत नाहीत. धरणाच्या बाबतीत हेच पुन्हा घडू द्यावयाचे काय? म्हणून शोधयंत्रात सरकारी कागद घालणे पुरेसे नाही. विस्थापितांच्या मुलाखती, त्यांनी सांगितलेल्या हकिगती, त्यांच्या ट्रंकेतील पावत्या, मोर्चाची निवेदने, हेही कागद म्हणून त्यात गेले पाहिजेत. आधी लिहिणे, मग शोधणे.

दुसरी मर्यादा धोक्याची आहे. जे यंत्र माणसाला कागद शोधून देते, तेच यंत्र कागदातून माणूस शोधून काढते. लाभार्थ्यांच्या यादीत नाव, जात, बँकेचा खाते क्रमांक असतो. अशी यादी सरसकट शोधात टाकली की मोबदल्याच्या पैशावर डोळा ठेवणारा दलालही ती वाचणार. नोकरी देणारा उमेदवाराची जात शोधणार. आपण जातीचा दाखला हक्कासाठी काढतो, दुसरा तो वगळण्यासाठी वाचतो. म्हणून काय सूचीत घ्यावे याइतकेच काय घेऊ नये हेही आधी ठरवले पाहिजे. सार्वजनिक निर्णय, निवाडे, अधिसूचना सर्वांसाठी. व्यक्तीचे खाते आणि दाखले ज्याचे त्याच्यासाठी.

६

हे सारे आपल्या आवाक्यातले आहे काय, असा प्रश्न कार्यकर्ते विचारतील. दोन उदाहरणे देतो.

२००८ साली सुशांत सिन्हा या अभियंत्याने ‘इंडियन कानून’ हे संकेतस्थळ सुरू केले. न्यायालयांचे निकाल महागड्या ग्रंथमालांत आणि वकिलांच्या कपाटांत होते. त्यांनी ते एकत्र आणून कोणालाही फुकट शोधता येतील असे केले. आज कायद्याचा विद्यार्थी, तालुक्याचा वकील, सामान्य पक्षकार त्यात शोधतो. एका माणसाने सुरू केलेल्या कामाने एका व्यवसायाच्या कपाटाची किल्ली सर्वांच्या हाती दिली.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे आहे, आणि त्यात संगणकाचा संबंध नाही. बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे अनेक वर्षे विखुरलेली होती. ‘मूकनायक’, ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’, ‘प्रबुद्ध भारत’ यांचे अंक कोठे कोठे होते. नागपूरचे वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ साली महाराष्ट्र शासनाचा पहिला खंड निघाला आणि पुढे खंडांची मालिका झाली. त्यानंतर बाबासाहेबांवर जे लिहिले गेले, त्याचा पाया या खंडांनी घातला. विखुरलेले एकत्र आणणे ही नुसती कारकुनी नसते, ती इतिहास घडवणारी कृती असते. १९५४ च्या पोटनिवडणुकीत याच भंडाऱ्याने बाबासाहेबांना पराभूत केले होते. त्या भंडाऱ्यात एखादे महाविद्यालय, एखादे बुद्धविहार, एखादे सार्वजनिक वाचनालय पुढे येऊन हे काम करील, तर तो त्या निवडणुकीचा थोडासा प्रतिशोध ठरेल!

काय करावे लागेल? एक साधा संगणक. खुले सॉफ्टवेअर. गावोगावच्या प्रकल्पग्रस्तांकडील निवाड्यांच्या आणि नोटिशींच्या प्रतींची छायाचित्रे. शासन निर्णय आता शासनाच्या संकेतस्थळावर मिळतात, न्यायालयांचे आदेश ई-कोर्ट्सवर दिसतात; त्यांतील आपल्या कामाचे तेवढे गोळा करावयाचे. प्रत्येक निवाड्यासमोर गावाचे नाव, अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख नोंदवावयाची. नावांची यादी गावाच्या बैठकीत बसून करावयाची. आणि शेवटी यंत्राला एक काम सांगून ठेवावयाचे: या अधिसूचनेतील कोणत्याही जमिनीचा नवा निकाल आला की खबर दे. पूर्वी खबर घेऊन कोतवाल ठाण्याकडे जात होता. आता खबर गावाकडे आली पाहिजे, आणि तीन महिन्यांच्या आत आली पाहिजे.

यासाठी संगणकशास्त्राचा पदवीधर लागेल, हे खरे. आपल्या वस्त्यांतून असे पदवीधर आता निघाले आहेत. पुण्यात, हैदराबादेत, परदेशांत ते हेच सॉफ्टवेअर दुकानांसाठी आणि बँकांसाठी रोज बसवतात. त्यांनी वर्षातील चार रविवार पवनीला द्यावेत. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून कागद वाचून घ्यावेत. कार्यकर्त्यांनी कलम ४ चे पहिले पोटकलम हातात घेऊन कचेरीत सूची मागावी. मागणी मान्य होईपर्यंत आपली सूची आपण करावी.

‘कागद सापडत नाही’ हे वाक्य या देशात फार दिवस राज्य करून राहिले आहे. ते उच्चारणाऱ्याला आता विचारले पाहिजे: सापडत नाही, की शोधला नाही? आणि तोपर्यंत आपल्या हातात कागद असला पाहिजे.